औसा रोडचं गेमिंग कॅफे, खो-खोच्या पंचाच्या नजरेतून

धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरगी दर रविवारी त्या गेमिंगवाल्याकडं जायलीय. म्हणते, तिथं काम करते. तू एकदा स्वतः बघून ये. तुला जे वाटेल ते मला सांग."

मी कळंब तालुक्यात शाळेवर क्रीडाशिक्षक आहे आणि 22 वर्षं खो-खोची पंचगिरी करतोय. कॉम्प्युटरवरच्या खेळातलं मला फारसं कळत नाही. पण स्पर्धा बरी घेतली की वाईट, हे मैदानावर पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत कळतं. फक्की नीट पडलीय का, गुणपत्रक कोणाच्या हातात आहे, बाहेरगावच्या पोरांना पाणी कोण देतंय, एवढं बघितलं तरी पुरतं. त्याच नजरेनं मी लातूरला गेलो. सकाळी नऊला एसटीतून उतरलो तो संध्याकाळी साडेसहापर्यंत तिथंच होतो. त्या दिवसाचा हा अनुभव. ज्यांची मुलं अशा ठिकाणी जातात त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

जागा औसा रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. पाटीवर फक्त 'गेमिंग कॅफे' एवढीच अक्षरं, त्यामुळं पहिल्यांदा जाणारा हमखास पुढं निघून जातो. खाली निलंगा राइसची गाडी लागते, तीच खूण लक्षात ठेवा. आत 14 पीसी, दोन प्लेस्टेशन आणि मागच्या खोलीत मोबाइलच्या स्पर्धेसाठी लांब टेबलं. पीसीचा दर तासाला 50 रुपये. खुर्च्या चांगल्या आहेत, पाठ धरत नाही. पडदे 144 हर्ट्झचे आहेत असं मालकानं सांगितलं. त्याचा अर्थ भाचीनं मला शेजारी जुना पडदा लावून दाखवला. जुन्यावर पळणारा माणूस जरा तुटक दिसतो, नव्यावर सलग. फरक खरंच डोळ्यांना कळतो.

सगळ्यात आधी दारातली वही बघितली. अठराच्या आतल्या मुलाचं नाव, आल्याची वेळ आणि पालकाचा नंबर लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि दोन तासांच्या वर बसू देत नाहीत. हा परिसर नीटच्या क्लासेसचा. गावोगावची पोरं इथं खोल्या करून राहतात, आईबापांनी सोयाबीनच्या पैशांतून फी भरलेली असते. मी बसलो असताना दोन मुलं क्लासची बॅग पाठीवर घेऊन आली. मालकानं घड्याळ बघितलं आणि विचारलं, "आता फिजिक्सचा तास नाही का रे तुमचा?" मुलं परत गेली. त्याचे शंभर रुपये बुडाले, पण या गोष्टीचे मी त्याला पुरते गुण देतो.

आता स्पर्धेकडं वळतो. बीजीएमआयची, म्हणजे पबजीचाच भारतासाठी काढलेला जो मोबाइलवरचा खेळ आहे त्याची, स्पर्धा होती. चार-चार जणांचे 16 संघ, म्हणजे 64 पोरं एकाच आभासी बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो संघ सामना जिंकतो. तीन सामने मिळून निकाल. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, असं उतरत जातं, शिवाय बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागं एक गुण. नुसतं लपून बसणाऱ्याचाही निभाव लागत नाही आणि नुसतं अंगावर जाणाऱ्याचाही. हे ऐकून मला आमचा खेळ आठवला. पळतीवर वेळ काढणारा आणि आक्रमणात गडी मारणारा, दोघं असल्याशिवाय डाव होत नाही.

प्रवेश फी एका संघाला 200 रुपये. 16 संघांचे 3200. भिंतीवर कागद चिकटवला होता: पहिलं बक्षीस 1500, दुसरं 800, तिसरं 400, उरलेले 500 इंटरनेट आणि पाण्याच्या जारला. खाली मालकाची सही. तालुक्याच्या कितीतरी स्पर्धांत मी वर्षानुवर्षं हिशेब मागत आलोय. इथं तो स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच भिंतीवर होता. सामने चालवायचे आणि तक्रारी बघायच्या, या कामाचे भाचीला दिवसाचे 400 रुपये मिळतात. तेही या फीमधून देत नाहीत, कॅफेच्या गल्ल्यातून देतात, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

असं विचारण्याला कारण आहे. गेल्या वर्षी भाचीच्या मैत्रिणींनी कुठल्याशा ऑनलाइन स्पर्धेत पैसे भरले, जिंकल्या, आणि आयोजकानं फोन उचलणंच बंद केलं. पोरी आठ दिवस रडत होत्या. पैसे थोडे होते, पण जिंकून हाती काही न येणं त्यांना फार लागलं. त्यामुळं ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा मी तो वर्तमानपत्रात शब्दन्शब्द वाचला होता. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यानं बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे पडद्यावरच्या खेळांच्या स्पर्धांना, वेगळी ओळख दिली. स्पर्धेत उतरायची फी आणि कामगिरीवरचं बक्षीस चालतं, डाव लावणं चालत नाही. बहिणीची पहिली भीती जुगाराचीच होती. भिंतीवरच्या त्या कागदाचा फोटो मी तिला तिथूनच पाठवला.

साडेबाराला दुसरा सामना लागला आणि माझ्या दृष्टीनं दिवसाची खरी परीक्षा तेव्हा झाली. रेणापूरकडच्या संघातली दोन पोरं मधेच नेट गेल्यामुळं बाहेर फेकली गेली. कॅप्टन तावातावानं टेबलाशी आला. "तुमचं वायफाय गेलं, सामना परत घ्या." मागून त्याचे गडी, त्यांच्यामागं बघे. मैदानावर असा घोळका पंचाभोवती जमला की नवखा पंच एक तर आवाज चढवतो, नाही तर घाबरून हो म्हणतो. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

भाची उठली नाही. तिनं आधी वहीत वेळ लिहिली, 12 वाजून 41. मग नियमांचा कागद समोर सरकवून बोट ठेवलं: एका संघाचं नेट गेलं तर सामना थांबत नाही, कॅफेचा राउटर बंद पडला असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच फेरसामना. "दादा, तुमचं टेबल दोन नंबरच्या राउटरवर आहे. त्याच राउटरवर अजून सात संघ आहेत. चला, विचारू." सातही टेबलांवर ती गेली, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, उत्तर लिहून घेतलं. कोणाचंच नेट गेलेलं नव्हतं. शिवाय सामन्याला 11 मिनिटं होऊन गेली होती. फेरसामना नाही. निकाल तिनं चार ओळींत लिहिला, कॅप्टनला त्याची प्रत दिली आणि उरलेल्या दोघांना म्हणाली, "तुम्ही अजून जिवंत आहात, खेळा." कॅप्टन नाराज होता, पण खेळायला बसला. या सगळ्याला चार मिनिटं लागली. एकोणीस वर्षांची पोर. मला माझी पहिली जिल्हा स्पर्धा आठवली, तेव्हा माझी शिट्टी थरथरत होती.

दुपारी लाइट गेली. यूपीएसवर पीसी चालू राहिले, राउटरला वेगळी बॅटरी आहे. पंखे मात्र बंद, आणि लातूरच्या उन्हात दुसऱ्या मजल्यावर 64 पोरं आणि तितकेच मोबाइल म्हणजे भट्टीच. मोबाइल तापला की खेळ अडखळतो, म्हणून पोरं फोनच्या पाठीला ओला रुमाल लावत होती. ही मोठी उणीव आहे. एक कूलर तरी बॅटरीवर घ्यायलाच हवा. दुसरी उणीव, स्वच्छतागृह एकच आहे. त्या दिवशी मुलींचा एक संघ होता, त्यांना खालच्या दुकानात जावं लागलं. मुलींना खेळायला बोलावता तर आधी ही सोय करा, हे मी मालकाला स्पष्ट सांगितलं. खायला फक्त मॅगी आणि चिप्स. त्यापेक्षा खालचा राइस बरा.

जेवताना भाची मोकळी झाली. "मामा, मला खेळाडू नाही व्हायचं. मला स्पर्धा घ्यायच्यात. मोठ्या." मग तिनं मला एकेकाची वाटचाल सांगितली. राल्फ राइशर्ट नावाचा जर्मन माणूस, त्यानं 2000 साली सोबत्यांना घेऊन कोलोनमध्ये ईएसएल ही स्पर्धा घेणारी कंपनी काढली. 2022 मध्ये सौदीच्या गुंतवणूकदारांनी ती आणि फेसइट अशा दोन कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला विकत घेतल्या. पुढं तो ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपचा प्रमुख झाला. 2025 मध्ये रियाधला झालेल्या त्या स्पर्धेत एकूण बक्षिसं 7 कोटी डॉलरच्या वर होती. दुसरा व्लाद मारिनेस्कू. त्यानं ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय महासंघात कारभार बघितला, मग स्पोर्टअकॉर्ड या खेळसंघटनांच्या संस्थेत, आणि तिथून आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स महासंघाच्या अध्यक्षपदावर गेला. ती संघटना 2008 ची, दक्षिण कोरियातल्या बुसानची.

ज्युदोचं ऐकून मी कान टवकारले. म्हणजे जुन्या खेळाचा कारभार शिकलेला माणूस नव्या खेळात जाऊन उभा राहू शकतो. नियमावली, तक्रार, प्रवास, पंचांचं मानधन, प्रायोजकाची मनधरणी, सरकारी कागद, हे काम फक्कीच्या मैदानावर आणि पडद्यावर सारखंच असतं. फरक एकाच ठिकाणी आहे आणि तो मोठा आहे. खो-खो कोणाच्या मालकीचा नाही. दोन खुंट रोवले की खेळ सुरू. यांचा खेळ कंपनीच्या मालकीचा. मोठी स्पर्धा घ्यायची तर कंपनीची परवानगी लागते, आणि सरकारनं मनात आणलं तर एका रात्रीत खेळ गायब. 2020 च्या सप्टेंबरात पबजी बंद झाला, 2021 च्या जुलैत बीजीएमआय आला, 2022 च्या जुलैत तोही काढला गेला, 2023 च्या मेमध्ये परतला. या मालकानं कॅफे उघडलं ते 2022 च्या जूनमध्ये! महिनाभरात मुख्य गिऱ्हाईक गेलं. दहा महिने त्यानं पीसीवरच्या व्हॅलोरंट या खेळावर भाडं काढलं. हे सगळं तो नवीन पोरांना न लपवता सांगतो, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला. 'गेमिंगमध्ये करिअर' असली पाटी त्यानं लावलेली नाही.

वरच्या पातळीवरही पाय घट्ट नाहीत. ऑलिंपिक समितीनं 2024 मध्ये सौदीबरोबर ई-स्पोर्ट्सच्या ऑलिंपिकसाठी बारा वर्षांचा करार केला, 2027 मध्ये रियाधला पहिली स्पर्धा ठरली, आणि 2025 च्या ऑक्टोबरात दोघांनी करार संपवला. भाचीला हे माहीत होतं. "मग?" मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, जकार्ताच्या 2018 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या तीर्थ मेहताला ई-स्पोर्ट्समध्ये कांस्य मिळालं, पण तेव्हा खेळ प्रात्यक्षिक होता, पदकतक्त्यात मोजलं नाही. पुढच्या आशियाई स्पर्धेत, चीनमधल्या हांगझोऊला, मोजायला लागले. मधे कोणीतरी बसून ते करून घेतलंच ना?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण आमचंही तेच झालंय. कोलकात्याला 1987 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो दाखवण्यापुरता होता. त्याच स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून आला तो 2016 ला, गुवाहाटीत. तिथं आपल्या धाराशिवची सारिका काळे सोनं जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती. मधल्या एकोणतीस वर्षांत फाइली घेऊन दारोदार फिरलेल्या माणसांची नावं कोणाला आठवत नाहीत. त्यातल्या काहींबरोबर मी एसटीत उभ्यानं प्रवास केलाय. आणि शिकायला जवळ काय आहे? आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आधी आपल्या संभाजीनगरला होणार होतं, ते पुण्याला बालेवाडीला गेलं. लातूरच्या पोरीला हे काम हातानं शिकायला मिळतंय ते या दुसऱ्या मजल्यावर.

एक चूक मला दिसली आणि ती मी जाताना सांगितली. सामना चालवणारी भाचीच आणि तक्रारीचा निकाल देणारीही तीच. तिचा निकाल बरोबर होता, तरी हे बरोबर नाही. आमच्याकडं पंचावर सरपंच, म्हणजे मुख्य पंच, असतो. खेळाडूला दाद मागायला दुसरा माणूस दिसला पाहिजे. मालकानं वाद घातला नाही, वही काढून लिहून घेतलं. पुढच्या रविवारी मी आमच्या जिल्हा स्पर्धेचा तक्रार अर्ज पाठवला, त्यात 'तक्रार मिळाल्याची वेळ' आणि 'निकालाची वेळ' असे दोन रकाने आहेत. भाचीनं तो टाइप करून राउटर क्रमांकाचा तिसरा रकाना घातला.

बहिणीला मी फोनवर सांगितलं, पोरगी चांगल्या ठिकाणी आहे, जाऊ दे. पाचपैकी चार गुण. पाचवा कूलर आणि दुसरं स्वच्छतागृह झाल्यावर.

कोणाला जायचं असेल तर रविवारी नऊच्या आत पोचा. गाडी गल्लीत लावू नका, समोरच्या मोकळ्या जागेत लावा. मोबाइलची स्पर्धा असेल तर स्वतःचे इअरफोन, चार्जर आणि एक सुती रुमाल सोबत न्या. आत शिरल्यावर उजवीकडचं पहिलं टेबल तक्रारीचं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथं मी बसलेला असेन.