लिलिपाँड, काही महिन्यांच्या वापरानंतर: टाय पक्का, पण ओळ तुटली की फ्लॅट परत हजर

लिलिपाँड म्हणजे सूर अक्षरांत टाइप केले की पाच रेघांचा स्टाफ छापणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, सीताबर्डीतल्या झेरॉक्स नाहीत. क्लाससाठी गठ्ठा काढून आणला आणि सगळ्या प्रतींत एकच भानगड: बी-फ्लॅट (अर्धा सूर उतरलेला बी) टायने, म्हणजे दोन सारखे सूर एकच लांब सूर करून जोडणाऱ्या कमानीने, पुढच्या बारमध्ये नेलेला, ओळ नेमकी तिथेच संपलेली आणि खालच्या ओळीच्या तोंडाशी, धरून ठेवलेल्या त्याच सुराला पुन्हा फ्लॅट. पोरं तो नवा सूर समजून परत वाजवतात.

हा बग नाही, मूळ सेटिंगच तसं आहे. टाय ओळीच्या आत असेल तर दुसऱ्या सुरावर खूण येत नाही. ओळ तुटली की येते. नको असेल तर ‘हाइड-टाइड-ॲक्सिडेंटल-आफ्टर-ब्रेक’ ही किल्ली ##t, म्हणजे चालू, करायची. ती लेआउटमध्ये एकदाच टाका, दर ठिकाणी नको. हे सेटिंग उलटं का ठेवलं नाही, यावर बरीच चिडचिड झाली. पण लांब रचनेत पान उलटल्यावर तीच खूण वाजवणाऱ्याला वाचवते, हेही दिसलं. म्हणून आता लहान चिजांना खूण बंद, पान उलटावं लागतं तिथे चालू.

दुसरी तक्रार टायपिंगची. डी मेजर ही की (स्केलचे ठरलेले शार्प-फ्लॅट) जाहीर केली तरी दर वेळी ‘फिस’, म्हणजे एफ-शार्प (अर्धा सूर चढा), लिहायचं; नुसता एफ लिहिला तर नॅचरल (शुद्ध) छापतो. एबीसीत, म्हणजे अक्षरांत सूर लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत, हे काम सोपं: की ठरली की एफ आपोआप शार्प, वेगळा हवा तर आधी ^ (शार्प), _ (फ्लॅट) किंवा = (नॅचरल). पण २०११ च्या २.१ नियमावलीप्रमाणे एकदा दिलेली खूण बार संपेपर्यंत सगळ्या सप्तकांतल्या त्याच सुराला लागते, आणि छापील स्टाफवर ती फक्त त्याच सप्तकाची धरतात. म्हणून एबीसीत दर सप्तकात खूण स्वतः लिहा. टायचा - पहिल्या सुराला चिकटूनच हवा. बाररेषेनंतर टाकला तर नियमाबाहेर.

लिलिपाँडमध्ये टाय ~ ने लागतो आणि दोन्ही बाजूंचा सूर तंतोतंत तोच लागतो. फिस ~ नंतर नुसता एफ आला तर टाय जुळत नाही. ‘अनटर्मिनेटेड टाय’ असा इशारा येतो, पण पीडीएफ मात्र निमूट तयार होते, म्हणून लॉग वाचायचा आळस करू नका. त्याहून सोपं, ~ नंतर सूर न लिहिता नुसती लांबी लिहा, उदाहरणार्थ ४. मागचाच सूर घेतो, चूक होणारच नाही.

आणि दर सुराचं पूर्ण नाव लिहिण्याचा जो वैताग वाटत होता, त्याचा फायदा लिलिपाँडच्या ट्रान्सपोजमध्ये (पट्टी बदलताना) कळला. भैरवी सी वरून लिहायची तर की सी फ्रिजियन, चार फ्लॅट. गाणाऱ्याची पट्टी काळी चार निघाली तर हिशेब बघा: ए-फ्लॅट दिला तर आठ फ्लॅटची की, बी डबल-फ्लॅटसकट, वाचणाऱ्याचं डोकं फिरेल. तोच सूर गिस, म्हणजे जी-शार्प म्हणून दिला तर चार शार्प. खाली न्यायचं असेल तर गिसपुढे स्वल्पविराम. टाय सगळे जसेच्या तसे राहतात. भातखंडे पद्धतीत हा तापच नाही म्हणा. कोमलाखाली आडवी रेघ, लांबवायला दर मात्रेला एक डॅश, झालं. पण व्हायोलिन-कीबोर्डवाल्यांना स्टाफच हवा.

भैरवच्या रे-ध कोमलला तयार की नाही. एबीसीत ‘एक्स्प’ लिहून त्यापुढे _डी _ए इतकंच द्यायचं. लिलिपाँडमध्ये यादी हाताने बनवावी लागते. इथे एबीसी सरळ जिंकते.

लिलिपाँडमध्ये शंका येईल अशा सुरापुढे ! लावला की खूण सक्तीने छापते, ? लावला की कंसात. नवशिक्यांच्या प्रतीत कंसातलीच बरी. पुनरावृत्तीच्या दुसऱ्या शेवटाकडे जाणारा टाय मात्र ~ ने लागत नाही; तिथे पहिल्या सुरानंतर ‘रिपीटटाय’ लिहावं लागतं. नाहीतर पुनरावृत्तीत लटकलेला सूर दिसेल आणि झेरॉक्सचे पैसे पुन्हा जातील.