लॅपटॉपवर वाय-फाय रेंगाळतंय: डोंगल, केबल, रिपीटर की मेश?

खर्च करण्याआधी दुखणं कुठे आहे ते ओळखा. त्याच खोलीत मोबाईलवर, मोबाईल डेटा बंद ठेवून, वाय-फाय झकास चालत असेल तर घोळ लॅपटॉपचा. दोन्ही रडत असतील आणि राउटरशेजारी बसल्यावर सुधारत असतील तर घोळ भिंतींचा. राउटरला केबल लावूनही प्लॅनइतका वेग येत नसेल, तरच कंपनीच्या मागे लागा. (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन मात्र बंद करून मोजा.)

लॅपटॉपवर संशय असेल तर विंडोजमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘नेटवर्क बँड’, म्हणजे वाय-फाय कोणत्या लहरींच्या पट्ट्यावर चालतंय, ते वाचा. तिथे 2.4 गिगाहर्ट्‌झ असेल, तर बरंचसं उत्तर तिथेच मिळालं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. अख्ख्या सोसायटीचे राउटर त्यातच कोंबलेले. शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हचा त्रास वेगळाच. जुन्या स्वस्त लॅपटॉपमधलं एका अँटेनाचं ‘एन’ (802.11n, जुन्या पिढीचं) वाय-फाय कार्ड इथे सहसा 72 एमबीपीएसवर जोडलं जातं, आणि हाती त्याहून बरंच कमी लागतं. मग प्लॅन 300 एमबीपीएसचा घ्या की 500 चा, फरक शून्य. कार्डाला 5 गिगाहर्ट्‌झ झेपत असेल तर राउटरचं त्या बँडचं नेटवर्क निवडा, खर्च काहीच नाही. झेपत नसेल तर ड्युअल बँड (दोन्ही बँड चालणारा) यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं वाय-फाय कार्ड, घ्या. नखाएवढा नको, बाहेर अँटेना असलेला घ्या, आणि यूएसबी 3 च्या पोर्टला लावा.

रोज एकाच टेबलावर बसून काम करत असाल तर माझं मत सरळ केबलला. भिंतीच्या कडेने जाणारी वायर दिसायला वाईट दिसते, पण मीटिंग अडकत नाही. कॅट 5ई प्रकारची नेटवर्क केबल 100 मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते. एक मात्र तपासा: कनेक्टर पारदर्शक असतो, त्यात आठही तारा दिसायला हव्यात. काही जण चारच तारा क्रिंप करून (दाबून बसवून) मोकळे होतात आणि वेग 100 एमबीपीएसवर अडतो. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी अ‍ॅडॉप्टर लागेल.

राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रिपीटर स्वस्त, म्हणून लोक आधी तोच आणतात. तो ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे पाठवत असेल तर वेग जवळपास निम्मा होतो. त्यातून तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही, तर तो पुढे काय देणार? लावायचाच तर वाटेत, मध्यावर.

मेश म्हणजे घरभर ठेवलेली, मिळून एकच वाय-फाय देणारी अनेक युनिट; एका लॅपटॉपसाठी ती उधळपट्टी. आरसीसी भिंतींचं मोठं किंवा दुमजली घर आणि सगळ्यांचीच रड असेल तर घ्या, आणि जमल्यास दोन युनिट केबलने जोडा. तसं केलं की वायरलेसचा सगळा वेग तुमच्या उपकरणांसाठी मोकळा राहतो.