पनवेल ते रत्नागिरी किनाऱ्याच्या रस्त्याने : कॅम्पर व्हॅन काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी गाडी ताब्यात आली आणि आता मे संपत आलाय, म्हणजे थंडी, शिमगा, आंब्याचा सीझन सगळं या गाडीतून बघून झालंय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले होते. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅम्पर व्हॅन आहे, आत दोन बेड, छोटा ओटा, फ्रिज आणि संडास-बाथरूम. आरसीवर कॅम्पर व्हॅन म्हणूनच नोंद आहे, हे आधी सांगते कारण बरेच जण साधी गाडी घेऊन गॅरेजमधे आतून बदलून घेतात. तसं करू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते चालत नाही आणि २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासरे. अण्णांचे गुडघे गेलेत, खाली बसायचा संडास त्यांना जमत नाही आणि किनाऱ्याच्या रस्त्याला तास-दोन तास धड स्वच्छतागृह मिळत नाही, त्यामुळे त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं. माझं माहेर रत्नागिरी, राहायला आम्ही पनवेलला. गाडी घेण्याचं खरं कारण हे, बाकी सगळं नंतरचं.

पनवेलहून ६६ नंबरच्या हायवेने रत्नागिरी ३०० किलोमीटरच्या आसपास, कशेडीचा बोगदा झाल्यापासून तर घाटही वाचतो. त्या रस्त्याने जायचं असेल तर कॅम्परचा काहीही उपयोग नाही, सरळ कारने जा. ही गाडी खरी कामाला येते ती किनाऱ्याने. अलिबाग, रेवदंडा, मुरुड करत आगरदांड्याला यायचं, तिथून जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीने वेश्वी, पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, परत बोट, धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ, परत बोट, जयगड आणि मग गणपतीपुळ्यावरून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. चार खाड्या आणि चार फेरीबोटी.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं असं की प्लॅन किलोमीटरवर करूच नका, खाडीवर करा. दिवसाला एक खाडी. नकाशात दोन गावं वीस किलोमीटरवर दिसतात आणि मधे बोटीची लाइन, चढ-उतार, समोरून एसटी आली की मागे घेणं, यात अर्धा दिवस जातो, आणि मग माणसं वैतागून अंधारात दुसरी बोट गाठायला पळतात. एक खाडी ओलांडली की त्या दिवशीचा प्रवास संपला असं धरलं की सगळं सुटसुटीत होतं, दुपारी दोन-अडीचला मुक्कामाला पोचता, उजेडात जागा बघता येते, पाणी भरता येतं, आणि संध्याकाळ आख्खी हातात राहते.

आता बोटींबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण यावर कोणी नीट लिहितच नाही. कॅम्परची शेपटी लांब असते, मागच्या चाकाच्या मागे बराच भाग लोंबतो, आणि आमच्या गाडीत तर सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बरोब्बर तिथेच खाली काढलेला होता. सुकतीला पाणी खाली गेलं की जेट्टीचा उतार पूर्ण उघडा पडतो, खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो आणि बोटीची फळी उलट दिशेने वर चढते, म्हणजे पुढची चाकं फळीवर आणि शेपटी खाली उतारावर घासायला आलेली. कारला काही होत नाही, आपल्याला होतं. कधी कधी बोटीवर गाडी रिव्हर्समधे घ्यायला सांगतात, तेव्हा अजूनच जपावं लागतं. दाभोळच्या जेट्टीवर एका खलाशाने आम्हाला थांबवलं, खाली वाकून व्हॉल्व्ह बघितला आणि म्हणाला, "ताई, दोन तास चहा घ्या, पाणी चढू दे, मग मीच घालतो गाडी." दोन तासांनी तीच फळी जवळजवळ सपाट झाली होती, गाडी आरामात आत.

तेव्हापासून अण्णा तिथी बघून बोटीची वेळ काढतात. हिशोब जुना आहे, कोकणात बऱ्याच जणांना माहीत असेल, तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा, आणि साडेदहाच्या आसपास पूर्ण सुकती. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, रोज पाऊण तास पुढे. पाच-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात पण बोटीसाठी एवढं पुरतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती बाराच्या आसपास येते, त्या दिवसांत साधारण दहा ते दोनमधे खाडी ओलांडायची, संध्याकाळी सहाला मुळीच जायचं नाही कारण तेव्हा पाणी सगळ्यात खाली. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, त्यामुळे लांब शेपटीच्या गाडीला ते दिवस सगळ्यात सोपे. आम्ही आता निघायची तारीखच कालनिर्णय समोर ठेवून ठरवतो. अण्णांनी वहीत प्रत्येक जेट्टीचं लिहून ठेवलंय, आणि खरं सांगू, त्यांना यात जो रस वाटतो ना, तो बघूनच माझे पैसे वसूल झाले.

रस्ते. मोठे रस्ते ठीक आहेत, पण केळशी, आंजर्ले, गुहागरच्या आतल्या गल्ल्या चिऱ्याच्या गडग्यांमधून जातात, दोन्ही बाजूला गडगा आणि वर आंब्याच्या फांद्या. आमची गाडी छतावरच्या फॅनसकट साडेनऊ फुटाच्या वर जाते. गावात शिरायच्या आधी एकाने उतरून चालत पुढे जाऊन बघायचं, वायरी कुठे लोंबतायत, वळायला जागा आहे का. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी फोन करून "ट्रॅव्हलर येते का दारापर्यंत" असं विचारा, "कॅम्पर" म्हटलं की त्यांना अंदाज येत नाही, ट्रॅव्हलर म्हटलं की लगेच सांगतात, वाण्याच्या दुकानापाशी लावा नाहीतर शाळेच्या बाजूने या वगैरे.

मुक्काम कुठे करायचा यावर घरात बरेच वाद झाले. राज्य सरकारने २०२१ मधे कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलीच गोष्ट आहे, पण या पट्ट्यात आम्हाला वीज-पाणी-मैला सगळं एका जागी जोडून मिळेल असा तळ काही भेटला नाही. म्हणून आम्ही घरगुती राहण्याची सोय असलेल्यांच्या अंगणात किंवा वाडीत गाडी लावतो. रात्रीचे चारशे-पाचशे रुपये, वर त्यांच्याकडे एक वेळचं जेवण घ्यायचंच. नुसती जागा वापरून स्वतःचं शिजवून निघून जाणं मला पटत नाही, त्या घराचंही त्याच्यावर चालतं. श्रीवर्धनच्या एका वाडीत पोफळींच्या कडेला गाडी होती, सकाळी काकू घावणे आणि नारळाचं दूध घेऊन दारात उभ्या. माडाखाली मात्र गाडी लावू नका, कितीही सावली दिसली तरी. नारळ सोडा, नुसती वाळकी झाप पडली तरी सोलर पॅनल जाईल.

समुद्राला लागून पुळणीवर गाडी घालायची इच्छा सगळ्यांना होते. आम्ही घालत नाही आणि इतरांनीही घालू नये असं मनापासून वाटतं. वाळू वरून घट्ट दिसते, एवढ्या वजनाची गाडी रुतली की भरतीच्या आत निघेल याची खात्री नाही. आणि दुसरं म्हणजे वेळास, केळशी, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं बाहेर येतात आणि ती उजेडाकडे जातात. आपल्या गाडीच्या बाहेरचा दिवा समुद्राऐवजी आपल्याकडे ओढतो त्यांना. वेळासला आम्ही गाडी गावात आत लावली, पहाटे चालत किनाऱ्यावर गेलो. अण्णांना खुर्ची नेली होती. पिल्लू पाण्यात शिरेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि नंतर दिवसभर दुसरं काही बोलले नाहीत.

पाणी हा दुसरा मोठा विषय. टाकी १२० लिटरची, तिघांना काटकसरीने दीड दिवस. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमधे विहिरी तळाला जातात, कारण जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं. त्यामुळे मार्चनंतर कोणाच्याही विहिरीवर "जरा टाकी भरून घेतो" असं सहज म्हणू नका, १२० लिटर म्हणजे त्या घराचं दिवसाचं पाणी असू शकतं. विचारा, पैसे द्या, नाही म्हणाले तर ऐका. आंघोळ आम्ही घरमालकांच्याच न्हाणीघरात करतो, ते पाणी त्यांच्या केळीला-अळवाला जातं आणि आपली टाकीही वाचते.

संडासाबद्दल लोक विचारायला लाजतात म्हणून सरळ लिहिते. कॅसेटचा आहे, २० लिटरचा डबा बाहेरून झाकण उघडून ओढून काढता येतो. तिघांना दोन दिवस पुरतो, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घरमालकांना आधी विचारून त्यांच्या संडासात रिकामा करायचा आणि एक बादली पाणी ओतायचं, खाडीत किंवा रानात अजिबात नाही. डब्यात टाकायचं औषध फॉर्मल्डिहाइड नसलेलं घ्या, नाहीतर त्यांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात. हे काम नवरा करतो आणि पहिल्या दिवसापासून तोंड वाकडं न करता करतो, याची नोंद इथे झालीच पाहिजे.

वीज. २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे हिशोबाने अडीच युनिट. फ्रिज दिवसाला अर्धा-पाऊण युनिट घेतो, पंखा, दिवे, मोबाइल किरकोळ. थंडीत सोलरवर सगळं भागत होतं. एसी मात्र बॅटरीवर तीनेक तासांच्या वर चालत नाही, आणि एप्रिल-मेमधे कोकणातल्या दमट रात्री एसीशिवाय बंद गाडीत झोप लागत नाही, हे कोणी विकताना सांगत नाही. तेव्हा पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि लांब जाड वायर लागतेच, आणि गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की एसी चालूच होत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, नोव्हेंबर ते होळी हाच या गाडीचा सीझन. मेमधे आम्ही गेलो ते आंब्यांसाठी आणि माहेरी, झोपलो आईच्या घरात.

खारी हवा गाडी खाते. डिसेंबर संपायच्या आत कपाटांच्या बिजागऱ्यांना आणि मागच्या दाराच्या स्क्रूंना तांबेरा आला, कारण ज्यांनी आतलं काम करून दिलं त्यांनी साधे लोखंडी स्क्रू वापरले होते. फोन केला तर "समुद्राकडे नेली का?" असा उलट प्रश्न. शेवटी माझ्या भावाने मिरकरवाड्याजवळ बोटीचं सामान मिळतं तिथून ३१६ ग्रेडचे स्टेनलेसचे स्क्रू आणले आणि एकेक बदलला, सांडपाण्याचा व्हॉल्व्हही वर उचलून आडवा करून घेतला. त्यानंतर त्रास नाही. प्रत्येक फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने धुणं हा नियमच आहे. गाद्या दर मुक्कामाला उन्हात टाकायच्या, नाहीतर कोंदट वास येतो आणि मग बुरशी. मासे आत तळायचे नाहीत. हर्णैच्या लिलावातून सुरमई घेतली की शेगडी बाहेर काढायची आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडायची.

शिमग्यात गेलात तर वेळेचा हिशोब सोडून द्या. गुहागरच्या अलीकडे एका गावात पालखी आडवी आली, रस्ता बंद, मग आम्हीही गाडी कडेला लावली, चहा केला. ढोल जवळ आले तशी पोरं येऊन अण्णांना खुर्चीसकट पुढे घेऊन गेली, पालखी त्यांच्यासमोर नाचवली, नारळ दिला. त्या दिवशी खाडी ओलांडली नाही, तिथेच शाळेच्या मैदानावर राहिलो, गावकऱ्यांनीच सांगितलं राहा म्हणून.

विकत घ्यावी का? वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर नको, भाड्याने घ्या. घरात म्हातारं माणूस असेल आणि महिन्या-दोन महिन्यांनी निघायची सवड असेल तर घ्या, आम्हाला पश्चात्ताप नाही. डिझेलला लिटरमागे नऊ-दहा किलोमीटर पडतात, घाटात कमी.

भाड्याने घेताना पुढचं बघून घ्या. गाडीखाली वाकून मागच्या चाकामागे सगळ्यात खाली काय लोंबतंय ते बघा आणि जमिनीपासून वीत-दीड वीत तरी अंतर आहे का ते मोजा. कॅसेटचा डबा स्वतः एकदा काढून परत बसवून बघा, झाकणाचं रबर सुटलं असेल तर घेऊ नका. खिडक्यांच्या जाळ्या बोट फिरवून बघा, एवढंसं भोक असलं तरी श्रीवर्धनच्या वाडीत रात्रभर डास झोपू देणार नाहीत. पातळी साधायचे ठोकळे गाडीत नसतील तर विकत घेऊ नका, कुठल्याही घरी चिऱ्याचे तुकडे पडलेले असतात, चाकाखाली घालायचे आणि सकाळी जागच्या जागी ठेवून निघायचं.