शेडवरच रेशीम कोष विकताय? आधी हे वाचा

माल २०० अंडीपुंजांचा (एक पुंज म्हणजे एका मादी पतंगाची अंडी), डबल हायब्रीड जातीचा, १४२ किलो. व्यापारी भाव बोलला किलोला ६१० रुपये. म्हणजे ८६,६२० रुपये व्हायला हवे होते. हातात पडले २०,०००.

बाकीचं कसं गेलं ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

व्यापाऱ्यानं 'शेल टक्का बघू' (कोषाच्या वजनात रेशमी कवच किती टक्के; त्यावर भाव ठरतो) म्हणून ढिगातले २५ कोष स्वतः वेचले. चांगले टपोरे. आम्ही खूश, मालाचं कौतुक चाललंय म्हणून! तिथंच कळायला हवं होतं. टपोरा कोष बहुधा मादीचा. आत अंड्यांनी भरलेली जड प्युपा (अळीचा पतंग होण्याआधीची अवस्था), त्यामानानं कवच फारसं जास्त नाही, म्हणून टक्का उतरतो. २५ कोष भरले ५३ ग्रॅम. कापून, प्युपा आणि कात झटकून कवचं ठेवली तर ९ ग्रॅम. १७ टक्के! काटाही त्याचाच, पूर्ण ग्रॅम दाखवणारा. ९.४ असले तरी ९ दाखवणार. ५३ भागिले २५ एवढं जरी तिथं केलं असतं तरी कोष २.१ ग्रॅमचा निघाला असता, आणि आमचा माल तसा नाही हे आम्हाला पाठ आहे. मागं राहिलेल्या कोषांतून न बघता २५ उचलले, सोनाराच्या काट्यावर घातले: ४६ ग्रॅम, कवच ९.७. टक्का २१.

पण तोवर त्या १७ टक्क्यांवरून भाव ५०५ वर आला होता. वर सहा गोण्यांचे सहा किलो कापले (रिकामी गोणी आधी काट्यावर टाका, खरंच एक किलो भरते का बघा). डबल आणि डागी कोषांचे चार किलो. हे चार मान्य. सहा बाय चार फुटांच्या चंद्रिकेवर (अळ्या जिच्यावर कोष विणतात ती जाळी) हजार-अकराशे अळ्या पुरे, आम्ही जास्त सोडल्या. दाटीत दोन अळ्या मिळून एकच कोष विणतात, आणि मुतानं खालचे डागतात. कोष विणताना हवा खेळती ठेवली नाही तर धागाही नीट सुटत नाही.

राहिले १३२ किलो, ६६,६६० रुपये. २०,००० मोबाईलवर, ४६,६६० चा आठवड्यानंतरच्या तारखेचा चेक. परत आला.

'बाजारात का नेला नाही?' असं विचारणाऱ्यांनी एक बॅच काढून बघावी. सहाव्या दिवशी कोष काढले की वजन रोज घटतं, पाच-सहा दिवसांत पतंग कोष फोडून बाहेर, आणि फुटलेला कोष रीलिंगला, म्हणजे धागा काढायला, बाद. कोष बाजार कर्नाटकातल्या रामनगरला, तो लांब; दुसरा जालन्याला, तिथं जायला गाडी मिळेना. घाई आमची, फायदा त्याचा.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. रेशीम कार्यालय म्हणालं, बाजाराबाहेरचा सौदा, आमचा संबंध नाही. संबंध नाही? तुती लावा म्हणून गावोगाव सभा घेताना होता! बाजार समितीनं पावती मागितली. पावती असती तर तुमच्याकडे आलो असतो का? पुन्हा पोलिसांत, तर साहेब रजेवर. चार चकरांत गाडीखर्चच १,२४० रुपये.

शेवटी वकिलानं कामाचं सांगितलं: चेक वटला नाही असा बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, नाही दिले तर मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार, चेक न वटण्याचं कलम १३८. आमचे २३ दिवस चकरांतच गेले होते. नोटीस २६व्या दिवशी निघाली.