लाच की हप्ता : कारखान्याला जास्त काय खातं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवणाऱ्यांना दोन्ही दुखणी कळतात. हप्ता मागणारा गुंड दारात उभा राहतो, पैसे भीतीपोटी जातात. पण तो डोळ्यांना दिसतो. शेजारचे चार कारखानदार एकत्र आले तर पोलिसांत जाता येतं.

लाच मला जास्त घातक वाटते. फाईल टेबलावर पडून, नवे माग गोणपाटात गुंडाळलेले, बँकेचं व्याज मात्र रोज चढतंय आणि हाताशी आलेला कामगार पुण्याची गाडी धरतोय. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार. जबरदस्तीने द्यावी लागली तर ७ दिवसांत तक्रार केली तरच सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या फोन नंबरवर पैसे देण्याआधीच सांगता येतं.