दरमहा २०० बॅकलिंक: सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

शहापुरातील आमच्या कुंद्याच्या दुकानाचे संकेतस्थळ गूगलच्या शोधात वर यावे, म्हणून बेळगावातीलच एका संस्थेची बॅकलिंक, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आमच्याकडे येणारे दुवे, बांधून देण्याची सेवा आम्ही सहा महिने घेतली. कर्मचारी अदबीने बोलतात आणि अहवाल दर महिन्याच्या १ तारखेला हातात पडतो, याविषयी तक्रार नाही.

तक्रार आहे ती अहवालातील मजकुराविषयी. पहिली यादी उघडली, तेव्हा परदेशी जुगाराच्या एका पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत, ‘बेळगावचा कुंदा’ हे शब्द आमच्या दुव्यासह चिकटवलेले आढळले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक ओळीतही तेच शब्द होते. गूगलने एप्रिल २०१२ मध्ये शोधातील क्रम ठरवण्याच्या पद्धतीत पेंग्विन हा बदल आणल्यापासून अशा कृत्रिम दुव्यांमुळे संकेतस्थळे मागे पडू लागली आणि २०१६ पासून असे दुवे बहुतांशी हिशेबातच धरले जात नाहीत. पैसे देऊन घेतलेल्या दुव्यावर ‘स्पॉन्सर्ड’ (प्रायोजित) किंवा ‘नोफॉलो’ (क्रमासाठी धरू नये) अशी गूगलला कळणारी खूण असावी लागते, हे तर संस्थेच्या गावीही नव्हते.

न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. त्या संस्थेत काम करणाऱ्या एका मुलीने, कराराबाहेर, दूध आटवून कुंदा तपकिरी होईपर्यंतची छायाचित्रे टाकायला सुचवले. ती पाहून कोल्हापूरच्या एका खाद्यलेखिकेने आपणहून दुवा दिला आणि मागण्या आल्या त्या तिथूनच. करार आम्ही वाढवलेला नाही. त्या मुलीने स्वतंत्र काम सुरू केले, तर तिच्याकडे मात्र जाऊ.