निक्षय पोषण योजना: क्षयरोगाच्या गोळ्यांसोबत जेवणाचाही खर्च

क्षयरुग्णाला पोषणासाठी थेट खात्यात पैसे देणारी ही योजना एप्रिल 2018 पासून सुरू आहे. दरमहा 500 रुपये फारच अपुरे होते. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले, हे उत्तम. ते दोन हप्त्यांत मिळतात: नोंद झाली की 3000, 84 दिवसांच्या उपचारानंतर पुढचे 3000. खासगी डॉक्टरांकडचे रुग्णही पात्र आहेत.

पैसे अडकतात ते बँकेपाशी: आधार जोडलेले नसते, पासबुकावरचे नाव वेगळे असते किंवा खाते बंद पडलेले असते. नोंदणीच्या दिवशीच आधार आणि पासबुक ताडून पाहा, निक्षय आयडी (रुग्णाचा नोंदणी क्रमांक) लिहून घ्या.

मोठी उणीव म्हणजे रक्कम एकट्या रुग्णापुरती, आणि डाळ शिजते सगळ्या घरासाठी. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ नावाच्या संशोधन-चाचणीत घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातला क्षयरोग सुमारे 39 टक्क्यांनी घटला.